घेण्याचे शब्द : ‘टेक’ या इंग्रजी क्रियापदाचा इतिहास

समानार्थी शब्दांची यादी हा भाषाशिक्षणातला सर्वांत निरुपद्रवी प्रकार मानला जातो. एका शब्दासमोर पाचसहा शब्द स्वल्पविरामांनी जोडून लिहावेत, विद्यार्थ्याने ते पाठ करावेत आणि प्रसंगी एकाच्या जागी दुसरा वापरावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. इंग्रजीतील ‘टेक’ हे क्रियापद पाहावे. त्याच्यासमोर सीझ, कॅच, कॅप्चर, ग्रास्प, रिसीव्ह, ॲक्सेप्ट असे शब्द सर्वसाधारणपणे दिलेले असतात. स्वल्पविराम हे मोठे समतावादी चिन्ह आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले शब्द एकाच वयाचे, एकाच घराण्याचे आणि एकाच दर्जाचे आहेत असे ते भासवते. वस्तुतः या यादीतील शब्दांच्या इंग्रजीतील आगमनात शतकांचे अंतर आहे. कोणी होडीतून उतरलेल्या परकीयांबरोबर आला, कोणी जमीनदारीच्या कायद्यातून, कोणी धर्मग्रंथांतून. आणि ज्या शब्दाच्या जागी हे सारे आले, तो मूळचा शब्द यादीत कुठेच नाही.

त्या बेपत्ता शब्दापासून सुरुवात करणे आम्हांला योग्य वाटते.

१

प्राचीन इंग्रजीत, म्हणजे साधारणतः अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, ‘घेणे’ या अर्थाचे नित्याचे क्रियापद ‘निमन’ हे होते. राजा आल्फ्रेडच्या काळातील माणूस भाकरी घेई, शस्त्र घेई, बायको करी, गाव काबीज करी, ते सारे याच क्रियापदाने. जर्मन भाषेतील ‘नेमेन’ आणि डच भाषेतील ‘नेमन’ ही त्याची भावंडे आजही त्या त्या भाषांत हेच काम करीत आहेत. ग्रीकमधील ‘वाटून देणे’ या अर्थाचा ‘नेमेइन’ हा धातूही याच कुळातला समजतात. जो वाटा नेमून दिला जातो तोच घ्यावयाचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे देणे आणि घेणे हे दोन अर्थ एका मुळाशी कसे येऊ शकले याचे नवल वाटत नाही.

इंग्रजीने मात्र हे क्रियापद गमावले. जर्मनांनी राखले, डचांनी राखले. मग इंग्रजांच्याच हातून ते का निसटले? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर किनाऱ्यावर आहे.

इ.स. ७९३ मध्ये लिंडिसफार्न येथील मठावर उत्तरेकडून आलेल्या दर्यावर्दींनी हल्ला केला. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे लुटायचे आणि परतायचे, असा क्रम चालला. ८६५ मध्ये आलेली मोठी फौज मात्र राहण्यासाठी आली होती. ८७८ मध्ये आल्फ्रेडने एडिंग्टनच्या लढाईत त्यांचा पराभव केला; तरीही पुढील तहांनी इंग्लंडचा उत्तर व पूर्व भाग डेन लोकांच्या अमलाखाली राहिला. या प्रदेशाला पुढे ‘डेनलॉ’ हे नाव पडले. तिथे या लोकांनी जमिनी कसल्या, लग्ने केली, गावे वसवली. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांतील ‘बी’ म्हणजे त्यांच्या भाषेतील गाव. १०१६ मध्ये तर कनूट हा डेन राजा सगळ्या इंग्लंडचा राजा झाला.

या वसाहतकारांची भाषा, प्राचीन नॉर्स, ही इंग्रजीची सख्खी बहीण. दोघींचे धातू बरेचसे सारखे, प्रत्यय वेगळे. बाजारात, बांधावर, विहिरीवर दोन्ही भाषिकांना एकमेकांचे म्हणणे थोड्या प्रयत्नाने कळत असावे. या सहवासातून जे शब्द इंग्रजीत आले त्यांची यादी पाहण्यासारखी आहे. ‘गेट’, ‘कॉल’, ‘डाय’, ‘वाँट’ यांसारखी क्रियापदे. ‘एग’, ‘नाइफ’, ‘विंडो’, ‘स्किन’, ‘लेग’ यांसारखी घरातली आणि अंगावरची नामे. ‘इल’, ‘अग्ली’, ‘राँग’ ही विशेषणे. इतकेच नव्हे तर ‘दे’ आणि ‘देम’ ही सर्वनामेसुद्धा. डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषेच्या इतिहासात या गोष्टीवर मार्मिकपणे बोट ठेवले आहे. आजारपण असो की मरण, ते सांगायला इंग्रज माणसाला या पाहुण्यांच्या शब्दांवाचून गत्यंतर नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

‘टेक’ हा याच यादीतला शब्द. नॉर्समधील ‘टाका’ या क्रियापदावरून तो आला. या क्रियापदाचा जुना अर्थ ‘स्पर्श करणे, हात लावणे’ असा दिसतो. चौथ्या शतकात वुल्फिलाने केलेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरात ‘निमन’ आणि ‘टेकन’ ही दोन्ही क्रियापदे आढळतात. पहिल्याचा अर्थ घेणे, दुसऱ्याचा शिवणे. उत्तरेकडच्या भाषेत शिवण्याचे घेणे झाले. ज्याला हात लावला ते आपले, हा अर्थविकास दर्यावर्दी लोकांना साजेसाच म्हणावा लागेल. पण तो तेवढ्यापुरता नाही. हात लागणे, हाताशी येणे, हाती घेणे या मराठी वाक्प्रयोगांतही स्पर्शापासून स्वामित्वापर्यंतचा हाच रस्ता दिसतो.

गंमत अशी, की नॉर्समध्येही निमनचे भावंड होते. ‘नेमा’ हे त्याचे रूप. नवव्या शतकात आइसलंड बेटावर वस्ती झाली, त्या घटनेला तिथे ‘लँडनाम’ म्हणतात. शब्दशः भूमी घेणे. आजच्या आइसलँडिक भाषेत ‘नाम’ म्हणजे अध्ययन आणि ‘नेमान्दी’ म्हणजे विद्यार्थी, अर्थात घेणारा. शिक्षण ‘घेणे’ असे आपण म्हणतो, त्याचा हा दूरदेशीचा प्रतिध्वनी. म्हणजे त्या दर्यावर्दींजवळ दोन शब्द होते. इंग्रजांना त्यांनी दिला तो एक, आणि तोही इंग्रजांचा अस्सल घरचा शब्द विस्थापित करणारा.

२

परभाषेतून नामे येतात त्यात विशेष काही नाही. नवी वस्तू आली की तिचे नाव येते. फारसीतून, पोर्तुगीजमधून, इंग्रजीतून मराठीत आलेले शब्द मोजले तर नामांचा भरणा मोठा दिसेल. माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये सिद्ध केलेल्या फार्शी-मराठी कोशाची पाने चाळली तरी हे ध्यानात येते. ‘कबूल’ आले, ‘मंजूर’ आले, ‘सुरू’ आले. पण त्यांना चालवायला ‘करणे’ आपलेच लागले. ‘दखल’ अरबी-फारसी, पण ती ‘घेतो’ ते मराठीतच. ‘बदलणे’ यांसारखे अपवाद आहेत, परंतु ते अपवादच. शतकानुशतकांच्या राजसत्तेनेही घेणे, देणे, येणे, जाणे यांना धक्का लावला नाही.

मग ‘घेणे’ हेच क्रियापद बदलून टाकण्याइतका संबंध कसला असावा? तो दरबाराचा असून भागत नाही. तो एका चुलीचा असावा लागतो. आईची भाषा एक आणि बापाची दुसरी अशा घरात वाढणारे मूल ‘हे घे’ कोणत्या शब्दाने ऐकते, यावर असल्या क्रियापदांचे भवितव्य ठरते. ‘टेक’च्या इतिहासातून आम्हांला दिसणारी मुख्य गोष्ट हीच. राज्यकर्त्यांची आठवण भाषेतील नामांत अधिक राहते. शेजाराची आणि सोयरिकीची आठवण क्रियापदांत राहते.

असा शब्द कागदावर मात्र उशिरा उतरतो. डेनलॉमधील वस्ती नवव्या शतकातली, पण ‘टेक’ची रूपे लिखित इंग्रजीत दिसू लागतात ती अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलच्या उशिराच्या भागांत, इ.स. ११०० च्या सुमारास. मधली दोन शतके तो काय करीत होता? तो बोलला जात होता. लेखनाची प्रमाणभाषा दक्षिणेकडील वेसेक्सची होती आणि उत्तरेचा गावंढळ शब्द लिहिण्याचे लेखनिकांना कारण नव्हते. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीची ती प्रतिष्ठित लेखनपरंपराच मोडली. दरबारात फ्रेंच आणि मठांत लॅटिन आल्यावर ज्याला इंग्रजीत लिहायचे तो आपल्या प्रांताच्या बोलीत लिहू लागला, आणि इतके दिवस झाकलेले शब्द वर आले. बाराव्या शतकाच्या अखेरीस लिंकनशायर भागात ऑर्म नावाच्या धर्मोपदेशकाने ‘ऑर्म्युलम’ ही दीर्घ पद्यरचना केली. त्याचे स्वतःचे नावच नॉर्स आहे, आणि ‘टेक’ची रूपे त्याच्या इंग्रजीत घरच्यासारखी वावरतात. प्रमाणभाषेच्या पडझडीत बोलींना वाचा फुटते, हे साहित्याच्या इतिहासकाराने नोंदवून ठेवावे असे सत्य आहे.

नवा शब्द रुजला याला आणखी एक व्याकरणिक कारण होते. नॉर्समधील ‘टाका’चा भूतकाळ ‘टोक’. इंग्रजीत ‘शेक’चा भूतकाळ ‘शुक’ अशी रूपे होणारा एक वर्ग आधीच होता. पाहुणा आपले ताट घेऊनच आला आणि पंगतीत त्याच्यासाठी पाटही मांडलेला होता. म्हणूनच आजही ‘टेक’चा भूतकाळ ‘टुक’ असा स्वर बदलून होतो. नंतर आलेल्या शब्दांसारखा त्याला भूतकाळाचा साधा प्रत्यय लावून चालत नाही. त्याच्या रूपांवरून तो परका आहे अशी शंकाही कोणाला येणार नाही.

तरीही ‘निमन’ एका रात्रीत गेला नाही. दक्षिणेकडे तो चौदाव्या शतकातही लिहिला जात होता. अशी दोन-दोन शब्दांची वस्ती किती काळ चालत असे याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडचा आद्य मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४९० मध्ये एका भाषांतराच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. काही व्यापारी टेम्स नदीतून निघून केंटच्या किनाऱ्यावर थांबले. त्यांतल्या एकाने एका बाईकडे ‘एग्ज’ मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. दुसऱ्या कोणी ‘आयरेन’ हा शब्द उच्चारला तेव्हा तिला उलगडा झाला. अंडे या अर्थाचा एक शब्द नॉर्स, एक अस्सल इंग्रजी. आणि अस्सल इंग्रजी बोलणाऱ्या बाईला नॉर्समधून आलेला शब्द फ्रेंच वाटला. डेन राजा कनूट मरून तोवर साडेचारशे वर्षे झाली होती.

विस्थापित झालेला शब्द पूर्णपणे मरतो असे नाही. तो परिघावर जाऊन राहतो. ‘निमन’चेही तसेच झाले. ‘निम’ हे त्याचे रूप चोरांच्या बोलीत ‘लांबवणे’ या अर्थाने टिकले. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’ या नाटकातील निम हे पात्र या संदर्भात आठवावे. तो हाताने चलाख शिपाई अखेर फासावर जातो, आणि त्याच्या नावातच त्याचा धंदा आहे हे तत्कालीन प्रेक्षकाला सांगावे लागत नसणार. ‘निंबल’, म्हणजे चपळ, हा शब्दही त्याच धातूचा. मूळ अर्थ चटकन घेणारा. आणि ‘नम’, म्हणजे बधिर, हे त्याचे जुने भूतकालवाचक धातुसाधित: थंडीने किंवा झटक्याने ‘घेतलेला’. या शब्दाच्या शेवटी लिहिले जाणारे अनुच्चारित ‘ब’ नंतर चिकटले. एके काळी साऱ्या घरादाराचे घेणे ज्या शब्दाने चाले, त्याच्या वाट्याला आता चोराचे नाव, बोटांची चपळाई आणि गारठलेल्या हाताची बधिरता एवढेच उरले आहे.

३

नॉर्मनांबरोबर आलेल्या शब्दांची जात वेगळी. ‘सीझ’ हा त्यांतला सर्वांत बोलका. हिसकावून घेणे, जप्त करणे हा त्याचा आजचा अर्थ. परंतु सरंजामी कायद्यात त्याचा मूळ अर्थ नेमका उलटा होता. जमिनीचा रीतसर ताबा देणे म्हणजे सीझ करणे. ताबा देण्याचा विधी असे: देणारा त्या जमिनीतील मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हातात ठेवी. आपल्याकडे दान देताना हातावर उदक सोडत, त्याची आठवण व्हावी. ताबा देण्याचा हा शब्द पुढे बळाने ताबा घेण्याचा झाला. विजेत्यांच्या कायद्यात जमीन देणे आणि जमीन हिरावणे ही एकाच व्यवहाराची दोन टोके असतात, हे या अर्थांतराइतक्या संक्षेपाने इतिहासाच्या पुस्तकातही सांगता येणार नाही.

‘रिसीव्ह’ आणि ‘ॲक्सेप्ट’ फ्रेंचमधून आले. दोहोंच्या पोटात लॅटिनचा ‘घेणे’ या अर्थाचा ‘कापेरे’ हा धातू आहे. ‘कॅप्चर’ही त्याच धातूचा, पण क्रियापद म्हणून तो वापरात आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे ‘टेक’नंतर सुमारे सातशे वर्षांनी. ‘कॅच’ही मुळात लॅटिनच, परंतु नॉर्मन बोलीतून आलेला. पॅरिसकडच्या फ्रेंचमधून त्याचेच दुसरे रूप ‘चेस’ इंग्रजीत आले. एक पाठलाग करतो, दुसरा पकडतो. फ्रेंचमधून आलेले सगळे शब्द दरबारीच राहिले असे मानू नये, यासाठी ‘कॅच’ हे उदाहरण उपयोगी आहे. चेंडू झेलणाऱ्या मुलाला तो आपल्या आजीच्या भाषेतलाच शब्द वाटतो.

आता या लेखाच्या आरंभीची यादी पुन्हा पाहावी आणि तिच्याशेजारी मराठीची यादी ठेवावी: घेणे, पकडणे, जप्त करणे, काबीज करणे, स्वीकारणे, ग्रहण करणे. आपल्याकडेही तीन थर स्पष्ट आहेत. ‘घेणे’ आणि ‘पकडणे’ अंगणातले. ‘जप्त’, ‘काबीज’, ‘ताबा’ हे अरबी-फारसीतून, म्हणजे कचेरीतून आणि लष्करातून आले. ‘स्वीकार’ आणि ‘ग्रहण’ संस्कृतातून, ग्रंथांच्या वाटेने. सत्तेने घेणे, शास्त्राने घेणे आणि हाताने घेणे यांसाठी दोन्ही समाजांनी वेगवेगळ्या भाषांकडून शब्द घेतले. फरक एवढाच, की आपले मूळ क्रियापद ‘ग्रह्’ या संस्कृत धातूशी प्राकृतातून नाते सांगत, प्राचीन मराठीतील ‘घेपणे’सारखी रूपे मागे ठेवीत, आजवर टिकून राहिले, इंग्रजांचे राहिले नाही.

४

शब्द असे थराथराने साचल्यावर कोशकारांची पाळी येते. सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४२ हजारांहून अधिक शब्द आहेत. त्यांतल्या ‘टेक’ या एका क्रियापदाचे जॉन्सनने १३४ अर्थ वेगळे काढले आणि त्या नोंदीने पाच पाने व्यापली. विद्वत्तेचे मोठमोठे लॅटिन शब्द एकेका ओळीत आटोपले आणि तीन-चार अक्षरांच्या क्रियापदांनी कोशकाराचा घाम काढला. ही क्रियापदे व्याख्येच्या चिमटीत सापडत नाहीत, त्यांच्या अर्थांची साखळी मुळापर्यंत जुळवणे कठीण आहे, अशी कबुली त्याने प्रस्तावनेत दिली आहे. पुढे ऑक्सफर्ड कोशाच्या संपादकांनाही हाच अनुभव आला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती, सुमारे ६० हजार शब्दांची.

जॉन्सनने एका शब्दाचे अनेक अर्थ लावले. पीटर मार्क रॉजे या वैद्यकशास्त्रज्ञाने एका अर्थाचे अनेक शब्द लावले. त्याचा ‘थिसॉरस’ १८५२ मध्ये निघाला. त्यात शब्द वर्णानुक्रमाने येत नाहीत, कल्पनांच्या वर्गांनी येतात. देणे, मिळणे, उसने देणे, उसने घेणे, घेणे, परत करणे आणि चोरणे ही प्रकरणे तिथे जवळजवळ मांडलेली आहेत. शेजाऱ्यांची ही रचनाच मालमत्तेवरचा एक निबंध वाटावी अशी आहे. मराठी वाचकाला विशेष वाटेल ती गोष्ट पुढची. आपल्या आधी अशी अर्थवर्गांनुसार रचना कोणी केली, याचा उल्लेख करताना रॉजेने पहिले नाव घेतले आहे ते अमरकोशाचे. कोलब्रुकने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८०८ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले होते. वर्गांनी शब्द पाठ करण्याची जी परंपरा आपल्या पाठशाळांत होती, तिचा दाखला इंग्रजी पर्यायकोशाच्या उंबरठ्यावर असा नोंदलेला आहे.

तथापि या मांडणीत एक उणीव राहते. वर्गात बसवलेल्या शब्दांचे वय दिसत नाही. ती उणीव भरून काढण्याची कल्पना १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत पुढे आली. प्रत्येक शब्दाचा जन्मापासूनचा वृत्तान्त अवतरणांनिशी द्यावा, या कल्पनेतून ऑक्सफर्ड कोश उभा राहिला. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरे झाले १९२८ मध्ये. त्याच १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याआधी, १८४७ मध्ये, मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश छापला गेला होता. ‘टेक’ आणि ‘घेणे’ हे दोन शब्द एका पानावर समोरासमोर येण्याचा काळ तो हाच. विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या पिढ्यांनी इंग्रजीतून वाचायचे आणि मराठीत लिहायचे असे ठरले, आणि या दोन शब्दांचा खरा व्यवहार तेव्हापासून सुरू झाला.

५

हा व्यवहार शब्दांचा कमी आणि रचनांचा अधिक आहे, म्हणून तो सहज लक्षात येत नाही. इंग्रजीनेही एके काळी असाच व्यवहार केला होता. ‘टेक लीव्ह’, ‘टेक पार्ट’ यांसारखे वाक्प्रयोग फ्रेंचमधील ‘प्राँद्र’ म्हणजे घेणे या क्रियापदाच्या वाक्प्रयोगांच्या चालीवर रुळले. शब्द नॉर्स, चाल फ्रेंच, भाषा इंग्रजी. ‘भाग घेणे’ हा आपला प्रयोग त्याच साखळीतली पुढची कडी. लॅटिनमधील ‘पार्टिसिपेट’च्या पोटात भाग आणि घेणे हे दोन्ही शब्द आहेत. त्याचा ठसा फ्रेंच व इंग्रजीवर उमटला आणि इंग्रजीचा आपल्यावर. आज गावच्या स्पर्धेत भाग घेणाऱ्या मुलाला या प्रवासाची दखल असण्याचे कारण नाही, आणि ‘भाग घेणे’ मराठी नव्हे असे म्हणण्याचा हट्टही आम्ही धरणार नाही. ‘निर्णय घेणे’, ‘आकार घेणे’ हे प्रयोगही असेच इंग्रजीच्या सावलीत रुळले असे मानायला जागा आहे. ‘टेन्शन घेऊ नकोस’ या वाक्यात तर नाम इंग्रजी असले तरी घेणे पूर्णपणे मराठी आहे. मनावर घेण्याच्या आपल्या जुन्या सवयीचाच तो नवा अवतार.

चिंता वाटते ती दुसऱ्या ठिकाणी. ‘या कामाला दोन तास लागले’ असे आपण म्हणत आलो. आता उत्तरपत्रिकांत, भाषांतरांत, बातम्यांत ‘या कामाने दोन तास घेतले’ असे वाचायला मिळते. शब्द सगळे मराठी, व्याकरण बिनचूक, तरी काहीतरी बदललेले आहे. ‘लागणे’मध्ये वेळ ही माणसाच्या हाताबाहेरची गोष्ट होती, ‘घेणे’मध्ये काम हे कर्ता झाले आणि वेळ त्याने उचलून नेण्याची वस्तू. इंग्रजी जिथे जिथे ‘टेक’ वापरते तिथे मराठीचा अनुभव निरनिराळ्या क्रियापदांत वाटला गेलेला आहे. आजारी पडतो, राग येतो, मार खातो, फेरफटका मारतो, फोटो काढतो, शपथ वाहतो, वेळ लागतो. यांतील कित्येक ठिकाणी माणूस कर्ता नाही, त्याच्यावर गोष्टी येतात, पडतात, लागतात. या साऱ्यांच्या जागी एकटे ‘घेणे’ बसवले तर शब्दसंख्या कमी होईल एवढेच नव्हे, तर जगाशी असलेल्या नात्याचे काही प्रकार सांगायचे राहून जातील.

उलट दिशेने पाहिले तरी हेच. कानोसा घेणे, ठाव घेणे, आढेवेढे घेणे, फैलावर घेणे, वसा घेणे, झेप घेणे यांना ‘टेक’ पुरे पडत नाही. ‘लिहून घेणे’ आणि ‘लिहून देणे’ यांतील फरक, म्हणजे क्रियेचे फळ कोणाच्या पदरात पडते हे केवळ सहायक क्रियापदाने सांगण्याची सोय, इंग्रजीत त्या रूपाने नाही. ‘टेक फॉर ग्रँटेड’ला आपण ‘गृहीत धरणे’ म्हणतो. त्यातील ‘गृहीत’ हे ‘घेणे’चेच संस्कृत भावंड असूनही शेजारी ‘धरणे’ लागते, यावरून मराठीची स्वतःची नजर कळते.

म्हणून समानार्थी शब्दांची यादी वर्गात देऊ नये असे आमचे म्हणणे नाही. ती द्यावी, मात्र प्रत्येक शब्दापुढे तो कोठून आला आणि कोणाच्या जागी आला, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लावावी. भाषांतराच्या तासाला तर याहून सोपा अभ्यास नाही. इंग्रजीत परीक्षा ‘टेक’ करतो तो विद्यार्थी. मराठीत परीक्षा घेतो तो शिक्षक, आणि विद्यार्थी ती देतो. त्या एका वाक्याचे भाषांतर करायला सांगावे आणि कोणी काय घेतले, कोणी काय दिले, यावर तासभर चर्चा होऊ द्यावी. कोशातल्या स्वल्पविरामाने जे झाकून ठेवले आहे, त्यातले बरेचसे त्या तासात बाहेर येईल.